सहाशे बाराची शेपटी

नॉरिस पेसीच्या घरी पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या खोलीत पाहुणा कधी उतरला नाही. तिथे हंटर जातीची जुनी लढाऊ विमानं राहत होती. बुटांच्या खोक्यांत उभी रचलेली कार्डं, एका विमानाला एक, अशी जवळजवळ दोन हजार. विमान कारखान्यातून कधी बाहेर पडलं, कुठल्या तळावर उडालं, निवृत्त झाल्यावर कुणाच्या ताब्यात गेलं आणि शेवटी त्याचं काय झालं, एवढंच त्यावर लिहिलेलं. विमान कुठेतरी उभं असेल तर शेवटची ओळ हिरव्या शाईत, नाहीसं झालं असेल तर लाल शाईत. त्या ओळीपुढे ‘पाहिलं’ हा शब्द आणि तारीख असली, की नॉरिसच्या लेखी ती ओळ पक्की. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तो हा शब्द लिहीत नसे.

बायको डोरीन होती तोवर आल्यागेल्याला सांगायची, “ह्यांच्या दोन हजार बायका आहेत. त्यांतली स्वयंपाक करणारी मी एकटी.”

लिंकनशायरमध्ये असल्या माणसांना तोटा नव्हता. तळाच्या कुंपणाबाहेर, कोबीच्या शेताच्या कडेला, थर्मास आणि वही घेऊन वाऱ्यात उभे राहणारे. विमान उतरलं की शेपटीकडचा नंबर टिपायचा आणि घरी जाऊन जुन्या वह्यांशी जुळवायचा. नॉरिस त्यांच्यातलाच, पण त्याला एक जास्तीचा मान होता. तो हवाई दलात नऊ वर्षं मेकॅनिक होता. बाकीच्यांनी हंटर कुंपणापलीकडून पाहिलं होतं, त्यानं त्याचे बोल्ट फिरवले होते. पुढची एकतीस वर्षं लाउथच्या बस डेपोत गेली. त्या वर्षांबद्दल विचारलं तर तो म्हणे, “बस होत्या. चालायच्या.”

या मंडळींचं एक त्रैमासिक निघायचं. त्यातलं चुका सुधारण्याचं पान नॉरिसकडे होतं आणि ते त्यानं बावीस वर्षं कुणाची भीडभाड न ठेवता चालवलं. हंटरचं इंजिन काढायचं तर विमानाचा मागचा सगळा भाग, शेपटीसकट, बोल्ट सोडवून ट्रॉलीवर मागे ओढावा लागतो. नंबर रंगवलेला असतो तो नेमका त्याच भागावर. आणि एकाची शेपटी दुसऱ्याला खुशाल बसते. खरी ओळख म्हणजे धडावर कारखान्यात ठोकलेला आकडा. हे नॉरिसनं किती जणांना छापून ऐकवलं याची गणती नाही. एका पाद्र्याला त्यानं लिहिलं होतं, ‘आपण शेपटी पाहिलीत, विमान नव्हे.’ पाद्रीबुवांनी अंक घेणं बंद केलं.

दोन हजार बावीस सालच्या सप्टेंबरात त्याला पॉलीन ग्रमिटचा फोन आला. थॉर्सबी फेन गावाबाहेर एका जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांनी चालवलेलं विमानांचं छोटंसं संग्रहालय होतं. पत्र्याची एक शेड, चहाची खिडकी, उघड्यावर नऊ विमानं. पॉलीन त्याची चिटणीस, चहावाली आणि गवत कापणारीही.

“नॉरिस, बसलायस का उभा आहेस?”

“उभा.”

“मग बस. जमीनमालकाला इथे सोलरचे पत्रे लावायचेत. ऑक्टोबरअखेर जागा मोकळी करून द्यायचीय. आठ विमानांची सोय लागली. तुझं हंटर राहिलंय.”

“माझं कसं?”

“मग कुणाचं? तेच तर कुणाला ठाऊक नाही.”

ते हंटर म्हणजे सहाशे चाळीस. या लोकांत विमान शेवटच्या तीन आकड्यांनीच ओळखलं जातं. यॉर्कशायरमधलं एक मोठं संग्रहालय ते घ्यायला तयार होतं. त्यांच्या अटी दोन. हवाई दलाकडून आजपर्यंत मालकी कशी बदलत आली त्याची कागदपत्रं सलग हवीत, आणि विमान त्या कागदांतलंच आहे याची खात्री हवी. नाहीतर एक नोव्हेंबरला भंगारवाला कटर घेऊन येणार होता.

नॉरिसनं साखळी तीन आठवड्यांत जुळवली. एकोणीसशे अडुसष्ट साली हवाई दलानं सहाशे चाळीस एका तंत्रशाळेला दिलं होतं. ती पावती त्याच्याकडेच निघाली. तंत्रशाळेनं सत्त्याहत्तरमध्ये ते एका भंगारवाल्याला विकलं. भंगारवाल्यानं ते न कापता हमरस्त्यावरच्या एका पबच्या मालकाला दिलं, कारण मालकाला गिऱ्हाईक थांबावं म्हणून दारात काहीतरी उभं करायचं होतं. पब चौऱ्याण्णवमध्ये बंद पडला तेव्हा मालकानं नुसत्या शब्दावर विमान थॉर्सबी फेनला आणून लावलं, आणि मग तो वारला. पुढं कुणी विचारलं नाही. नॉरिसनं त्याची मुलगी स्केगनेसला शोधून काढली. बाईंनी दारातच कागदावर सही केली. “घेऊन जा हो. लहानपणी त्याच्या पंखाला माझं डोकं दोनदा फुटलंय.”

राहिला धडावरचा आकडा. ते काम नॉरिसला डाव्या हातचा मळ वाटत होतं. यॉर्कशायरच्या माणसानं तर पत्रात लिहिलं होतं की आकडा गंजून गेला असला तरी हरकत नाही, पेसीसाहेबांनी दोन ओळी लिहून दिल्या तरी पुरे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो ताडपत्री अंथरून विमानाच्या नाकाखाली आडवा झाला. वय एकोणऐंशी. हातात टॉर्च, दातांत छोटा आरसा. पॉलीन कॅमेरा घेऊन वाकून उभी.

“दिसतोय का?”

टॉर्चचा उजेड एकाच जागी खिळला होता.

“नॉरिस? अरे, जिवंत आहेस ना? मला एकटीला तुला ओढून काढता यायचं नाही.”

पुढच्या चाकाच्या खोबणीतला आकडा त्यानं तीनदा वाचला. मग सरपटत मधल्या धडाखाली गेला, तिथं ठोकलेला आकडा वाचला. दोन्ही एकच होते. कारखान्याचे आकडे त्याला पाठ होते, कार्ड बघायची गरज नव्हती. हे सहाशे चाळीस नव्हतं. हे सहाशे बारा होतं.

तो बाहेर येऊन गवतात बसला.

“गंजलाय?” पॉलीननं विचारलं.

“नाही. अगदी स्वच्छ आहे.”

“मग तोंड असं का केलंयस?”

“दोन दिवस दे मला,” नॉरिस म्हणाला. “फोटो काढ, पण कुणाला पाठवू नकोस.”

घरी येऊन त्यानं सहाशे बाराचं कार्ड काढलं. शेवटची ओळ लाल होती. ‘आग विझवण्याच्या सरावासाठी तळावरच्या खड्ड्यात जाळलं. पाहिलं, ९ मे १९७१.’ त्या दिवशीचं त्याला सगळं आठवत होतं. कुंपणाची तार, काळा पडलेला खड्डा, आणि त्यातून वर आलेली, रंगाचे फोड आलेली शेपटी. नंबर स्पष्ट. कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक टीप होती: ‘श्रीमती टास्कर यांना सांगितलं, १९८९.’

म्युरिएल टास्कर ही रॉय टास्करची बायको. रॉय तळावर सार्जंट होता, नॉरिसच्या टोळीचा प्रमुख. सहाशे बारा त्याच्या देखरेखीखाली सहा वर्षं उडालं. त्या काळी मेकॅनिक लोकांची एक रीत होती. विमानाच्या अंगावर तपासणीसाठी जी झाकणं असतात, त्यांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं. फुटबॉलचे निकाल, पैजा, कुणाचं लग्न, कुणाला पोर झालं. साहेबलोक ती झाकणं कधी उघडत नसत. एकसष्ट सालच्या मार्चमध्ये रॉयला मुलगी झाली ती दुपारी, तो कामावर असताना. त्यानं बायकोला नंतर सांगितलं, “आपली हेदर सहाशे बारावर लिहिलीय मी, रेडिओच्या झाकणाआड. उडतीय ती.”

एकोणनव्वदमध्ये रॉय गेला. त्यानंतर म्युरिएलनं नॉरिसला बोलावून विचारलं होतं, ते विमान कुठं असेल? नॉरिसनं कार्ड सोबत नेलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात बसून, लोणी लावलेल्या, मनुका घातलेल्या प्लम ब्रेडच्या दोन फोडी खाऊन, त्यानं तिला सांगितलं होतं की ते जळालं. मी स्वतः पाहिलं.

आता त्यानं अडुसष्टची खिशातली डायरी शोधून काढली. सापडायला वेळ लागला नाही. त्याच्या घरात काहीच हरवत नसे. शुक्रवार, १८ ऑक्टोबर. ‘६१२ आणि ६४०, दोन्हीच्या शेपट्या चढवल्या. चारला सुटलो. बोस्टनला डान्स. हिरव्या फ्रॉकवाली, डोरीन.’

बोस्टन म्हणजे लिंकनशायरमधलंच, तळाजवळचं गाव. तो हिरवा फ्रॉक त्याला रोज आठवत असे. शेपट्यांचं मात्र त्याला चोपन्न वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. दोन्ही विमानं मोडीत निघालेली, इंजिनं काढलेली. सहाशे बारा जाळायला, सहाशे चाळीस तंत्रशाळेला. दोन शेपट्या दोन ट्रॉल्यांवर. रॉय त्या आठवड्यात रजेवर होता, हेदरला गोवर आला होता म्हणून. तो असता तर एकेक बोल्ट मोजला असता. नॉरिस आणि आणखी दोघांनी जी ट्रॉली जवळ होती ती जवळच्या विमानाला लावली. उडायचं नव्हतंच, कोण बघतंय? पुढं सगळ्यांनी शेपटी वाचली. सहाशे चाळीसचं धड सहाशे बाराच्या शेपटीसकट खड्ड्यात गेलं, आणि रॉयचं विमान दुसऱ्याच्या नंबरानं शाळेत, पबात आणि शेवटी गवतात उभं राहिलं.

आणि नॉरिसनं शेपटी पाहिली होती, विमान नव्हे.

त्यानं दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर प्रश्न मिटत होता. आकडा वाचता येत नाही. विमान सहाशे चाळीसच. यॉर्कशायरला त्याचा शब्द पुरणार होता. खरं लिहिलं तर कागद एका विमानाचे आणि धड दुसऱ्याचं, तेही सरकारदरबारी जळून गेलेलं. ते लोक घेतील की अंग काढून घेतील, सांगता येत नव्हतं. शिवाय त्रैमासिक होतं. पाद्रीबुवांनी नसेल, पण बाकी निम्म्या जिल्ह्यानं अंक चालू ठेवला होता.

पॉलीनला त्यानं चौथ्या दिवशी फोनवर सगळं सांगितलं.

“आकडा गंजलाय म्हणायचं का?” ती म्हणाली. “मी काही बघितलं नाही. मला तसंही चष्म्याशिवाय दिसत नाही.”

“आधी मिसेस टास्करना भेटून येतो,” नॉरिस म्हणाला.

जाताना वाटेत तो विमानापाशी थांबला. डाव्या कुशीतल्या रेडिओच्या झाकणाचे सहाही स्क्रू रंगाखाली घट्ट बसले होते. त्यानं प्रत्येकावर तेल सोडलं आणि मुरू दिलं.

म्युरिएल शहाऐंशीची झाली होती. हेदर आईपाशीच राहायला आली होती, पण त्या वेळी बाजारात गेली होती. म्युरिएलनं दार उघडलं, त्याला ओळखलं आणि आत नेलं. स्वयंपाकघर तेच, टेबल नवं.

“बसा, मिस्टर पेसी. प्लम ब्रेड आहे. मागच्या वेळी तुम्ही दोन फोडी खाल्ल्या होत्या.”

“मिसेस टास्कर, मागच्या वेळी मी तुम्हाला जे सांगितलं ते चूक होतं.”

त्यानं सगळं सांगितलं. ट्रॉल्या, शेपट्या, खड्डा, धडावरचा आकडा. डान्सचंही सांगितलं, वगळलं असतं तर हिशेब अपुरा राहिला असता. सांगून झाल्यावर तिनं किटलीवरची लोकरीची टोपी सरळ केली.

“तुम्ही गेल्यावर मी काय केलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही ना?”

“नाही.”

“रॉयची राख होती घरात. कुठं न्यावी सुचत नव्हतं. तुम्ही म्हणालात, विमान त्या खड्ड्यात जळलं. मग मी आणि हेदर गेलो. तळ तेव्हा बंद झाला होता, कुंपण तुटकं. खड्ड्यात पाणी साचलेलं. तिथं सोडली.”

नॉरिसनं ब्रेडच्या बशीकडे पाहिलं. हात लावला नाही.

“तुमच्या शब्दावर,” म्युरिएल म्हणाली. “इतके ठाम होतात तुम्ही! कार्डसुद्धा घेऊन आला होतात.”

“हो.”

“म्हणजे माझा नवरा तेहतीस वर्षं परक्या विमानाच्या पायथ्याशी पडलाय.”

“धड परकं,” नॉरिस म्हणाला. जे अचूक होतं ते बोलला. “शेपटी त्याच्याच विमानाची होती.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. नॉरिसला वाटलं रडतेय, आणि तो उठून उभा राहिला. ती हसत होती.

“बस रे बाबा, बस खाली,” ती डोळे पुसत म्हणाली. “शेपटीपाशी! रॉयला जन्मभर तळावरचे लोक म्हणायचे, हा माणूस विमानाच्या ढुंगणाखाली राहतो. आता कायमचाच राहिला म्हणायचं.” मग हसू आवरून तिनं विचारलं, “आणि तुम्ही लोकांनी काम नीट केलं असतं तर?”

“तर सहाशे बाराच जळालं असतं. झाकणासकट.”

“म्हणजे तुमच्या आळशीपणामुळे वाचलं.”

“हो.”

“ते झाकण अजून आहे?”

“झाकण आहे. तेच आहे का, ते उघडल्यावर कळेल. झाकणंसुद्धा बदलतात. आत काही असेलच असं मी म्हणणार नाही.”

“शिकलास की थोडंफार,” म्युरिएल म्हणाली. “फोड घे आता. उगाच उपाशी बसून काय होणार आहे?”

रविवारी हेदर तिला गाडीतून घेऊन आली. हेदर एकसष्ट वर्षांची, ठणठणीत, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. पॉलीननं गवतात खुर्ची आणून ठेवली, पण म्युरिएल बसली नाही. नॉरिस शिडीच्या दोन पायऱ्या चढला. तेलानं काम केलं होतं. पाच स्क्रू सुटले, सहाव्याचं डोकं गेलं. तो त्यानं छिन्नीनं उडवला. झाकण खाली आणून त्यानं स्वतः न बघता म्युरिएलच्या हातात दिलं.

आतला हिरवट रंग कोराच्या कोरा होता. त्यावर पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरांत: ‘मुलगी. सहा पौंड दोन औंस. दोन वाजून दहा मिनिटं. रॉय टास्कर.’ आणि त्याखाली, दुहेरी रेघ मारून: ‘हे झाकण कुणी बदललं तर गाठ माझ्याशी आहे.’

त्याखाली निरनिराळ्या हातांची आद्याक्षरं होती, वर्षांसकट. बासष्ट, चौसष्ट, पासष्ट, सदुसष्ट. ज्यानं ज्यानं झाकण उघडलं, त्यानं त्यानं वाचून सही केली होती आणि परत तिथंच बसवलं होतं.

“सहा पौंड दोन औंस,” हेदर म्हणाली. “आई, तू तर सात सांगायचीस.”

“सातच होतीस. हा काय तिथं होता?” म्युरिएलनं झाकण उन्हाकडे धरलं. अक्षरांवरून बोट फिरवलं नाही, तिला ठाऊक होतं पेन्सिल पुसते. मग नॉरिसकडे वळली. “झाकण जपलंत सगळ्यांनी. शेपटी तेवढी घालवलीत.”

“त्यानं शेपटीचं काही लिहिलं नव्हतं,” नॉरिस म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यानं यॉर्कशायरला पत्र लिहिलं. दोन पानं. कोण कोण हजर होतं, कुठली ट्रॉली कुठं होती, डायरीतली नोंद, झाकणाचा फोटो. खाली सही आणि हवाई दलातला आपला जुना क्रमांक. त्याच मजकुराची प्रत त्यानं त्रैमासिकाकडे चुका सुधारण्याच्या पानासाठी पाठवली. मथळा दिला: ‘नॉरिस पेसी यांनी शेपटी पाहिली, विमान नव्हे.’

आठवडाभर उत्तर आलं नाही. भंगारवाला मात्र येऊन विमानाभोवती एक चक्कर मारून गेला. सत्तावीस तारखेला पत्र आलं. संग्रहालयाच्या वकिलांनी डोकं धरलं होतं, पण तंत्रशाळेला हवाई दलानं जे विमान प्रत्यक्ष दिलं तेच हे, नंबर काही का असेना, यावर त्यांचं समाधान झालं होतं. विमान घेत आहोत. झाकण विमानावरच राहील. शेवटी एक प्रश्न होता: शेपटीवर आता कोणता नंबर रंगवावा?

नॉरिसनं पोस्टकार्डावर उत्तर दिलं. ‘आहे तोच ठेवा. पाटी लावा आणि खरं काय ते लिहा.’

कार्ड मात्र त्याला छळत राहिलं. सहाशे बारा उभं होतं आणि जळालंही होतं. शेवटी त्यानं लाल ओळ खोडली नाही. तिच्या शेवटी ‘फक्त शेपटी’ असं लिहिलं आणि खाली हिरव्या शाईत नवी ओळ घातली. सहाशे चाळीसच्या कार्डावर नेमकं उलट. दोन हजार कार्डांत दोन रंगांची अशी ही दोनच होती.

एकतीस ऑक्टोबरला दोन ट्रक आले. पंख आधीच उतरवले होते. राहिली होती शेपटी. यॉर्कशायरची पोरं पाने घेऊन पुढं आली तेव्हा नॉरिसनं त्यांना थांबवलं. खिशातून खडू काढून त्यानं सांध्याच्या दोन्ही बाजूंना, धडावर एक आणि शेपटीवर एक, अशी जोडीजोडीनं चौकोनी खूण केली आणि मग हात हलवला. बोल्ट सुटले. शेपटी ट्रॉलीवर मागे सरकली, चोपन्न वर्षांपूर्वी सरकायची तशीच, जडपणे आणि किंचित डावीकडे ओढ घेत.

म्युरिएल खुर्चीत गुडघ्यांवर शाल घेऊन बघत होती.

“मिस्टर पेसी,” तिनं हाक मारली, “अडुसष्ट साली खडू नव्हता का मिळत?”

“मिळत होता,” नॉरिस म्हणाला. “डान्सला उशीर होत होता.”